दोघांचा एक पंख: टँडम पॅराग्लायडिंगला जाण्याआधी हवेची ओळख

पॅराग्लायडिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कड्यावरून मारलेली उडी येते. प्रत्यक्षात त्यात उडी कुठेच नसते. गवताळ उतारावर आठ-दहा पावलं धावायचं असतं, आणि शेवटच्या दोन-तीन पावलांना खाली जमीन लागत नाही. उडीच्या कल्पनेने ज्यांना आदल्या रात्री झोप लागत नाही, त्यांना हे सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं. कारण 'आता उडी मारायची' या समजुतीपायीच पुष्कळ जण ऐन वेळी नको ती गोष्ट करून बसतात. ती कोणती, ते पुढे येईलच.

टँडम म्हणजे जोडीचं उड्डाण. पंख एक, माणसं दोन. प्रवासी पुढे, पायलट मागे. चालवण्याचं सगळं काम पायलटचं, त्यामुळे आयुष्यात कधी न उडालेला माणूसही थोड्याशा सूचना ऐकून वर जाऊ शकतो. डोंगररांगांच्या पायथ्याशी भटकायला गेलेल्या प्रवाशाला याचा मोह पडतो तो म्हणूनच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन तास नुसता टेकऑफच्या उतारावर बसून होतो. ऊन लख्ख, आकाश निळं, वारा माझ्या मते छान. पायलट मात्र समोरच्या दरीकडे बघत होता. मध्येच गवताची काडी तोडून हवेत सोडायचा, ती कुठे जाते ते बघायचा. शेवटी म्हणाला, "आज नको. उद्या सकाळी लवकर या." मला त्याचा राग आला होता. एवढा प्रवास करून आलेला माणूस, आणि हा निळ्या आकाशाखाली नाही म्हणतो! दुसऱ्या दिवशी सकाळी उडालो तेव्हा त्याने वरूनच कालच्या त्या दरीतली खिंड दाखवली आणि दुपारी तिथून वारा कसा घुसतो ते सांगितलं. हवा दिसत नसली तरी तिला आकार असतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरली. या लेखात तो आकार समजावून सांगण्याचा प्रयत्न आहे. तो कळला की कोणत्या वेळी जावं, कुणाबरोबर जावं आणि 'आज नको' हे ऐकून परत का यावं, हे आपोआप कळतं.

कापडाचा पंख उभा कसा राहतो

पॅराशूट आणि पॅराग्लायडर दिसायला भाऊ-भाऊ, पण कामं वेगळी. साधं गोल पॅराशूट पडणाऱ्या माणसाचा वेग कमी करतं. पॅराग्लायडर हा पंख आहे, विमानाच्या पंखासारखाच, फक्त त्याला कडक सांगाडा नाही. नायलॉनच्या पातळ कापडाचे दोन थर, वरचा आणि खालचा, आणि त्यांच्यामध्ये कापडाचेच उभे पडदे. या पडद्यांमुळे आत शेजारी-शेजारी नळ्यांसारखे कप्पे तयार होतात. पुढच्या कडेला हे कप्पे उघडे असतात, मागच्या कडेला शिवून बंद केलेले. पंख पुढे सरकला की समोरची हवा उघड्या तोंडातून आत भरते, मागे वाट नसल्याने तिथे दाब तयार होतो, आणि कापड ताठ होऊन पंखाचा आकार धरतं. म्हणजे पंखाला पंख ठेवते ती त्याची गतीच.

ही कल्पना एकाच माणसाची नाही. अमेरिकेत डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात कप्प्यांचं, हवेने फुगणारं पॅराशूट बनवलं. त्याच काळात डेव्हिड बॅरिश यांनी अवकाशयानांना परत आणण्याच्या संशोधनातून तयार झालेला एक कापडी पंख १९६५ मध्ये बर्फावरच्या घसरगुंडीच्या उतारांवरून उडवून पाहिला. पण खेळ म्हणून याने मूळ धरलं ते १९७८ मध्ये, फ्रान्समधल्या आल्प्सच्या कुशीतल्या मिअुसी या गावात. ज्यां-क्लोद बेतां, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ हे तिघे पॅराशूटने उड्या मारणारे. दर वेळी विमानाचा खर्च कशाला, डोंगराच्या उतारावरूनच धावत सुटलं तर, असा त्यांचा साधा विचार. खेळाचं रूप गेल्या काही दशकांत किती बदललं तरी तो विचार अजून तसाच आहे: उतार, समोरून वारा आणि धाव.

टँडमचा पंख एकट्याच्या पंखापेक्षा बराच मोठा, साधारण चाळीस चौरस मीटरचा. त्याच्यापासून निघालेल्या पातळ, पण भरपूर ताण सोसणाऱ्या दोऱ्या एकत्र येत येत शेवटी दोन बाजूंच्या पट्ट्यांना मिळतात. त्या पट्ट्यांना एक-एक छोटा आडवा तुकडा जोडलेला असतो, आणि त्यावर पुढे प्रवाशाचा हार्नेस व मागे पायलटचा हार्नेस अडकवतात. हार्नेस म्हणजे पट्ट्यांनी अंगाला बांधलेली खुर्ची. तिच्या पाठीत आणि बुडाखाली आपटण्यापासून वाचवणारी जाड गादी किंवा हवेची पिशवी असते. पायलटच्या दोन हातांत दोन ब्रेक असतात. ते पंखाची मागची कड खाली ओढतात. डावा ओढला की डावीकडे वळण, दोन्ही ओढले की वेग कमी. शिवाय एक राखीव पॅराशूट असतंच, दोघांचं वजन पेलेल असं.

पंधरा मिनिटांचं गणित

'इतक्या लांब येऊन पंधराच मिनिटं?' अशी तक्रार टेकऑफवर हमखास ऐकू येते. तिचं उत्तर पंखाच्या स्वभावात आहे.

पॅराग्लायडरला इंजिन नाही. हवा अगदी शांत असेल तर तो सतत खाली येत असतो, सेकंदाला साधारण एक ते सव्वा मीटर. त्याच वेळी तो पुढे जात असतो, ताशी सुमारे ३८ ते ४० किलोमीटरने. म्हणजे एक मीटर खाली येताना आठ-नऊ मीटर पुढे. आता समजा टेकऑफ लँडिंगच्या मैदानापेक्षा ८०० मीटर उंच आहे. शांत हवेत तुम्ही सुमारे अकरा मिनिटांत खाली याल आणि तेवढ्यात सात किलोमीटरच्या आसपास अंतर कापाल. याहून जास्त वेळ वर राहायचं असेल तर एकच उपाय: आपण ज्या वेगाने खाली येतो त्यापेक्षा जास्त वेगाने वर चढणारी हवा शोधायची आणि तिच्यात राहायचं.

म्हणून अर्ध्या-पाऊण तासाच्या उड्डाणाची हमी कुणी सकाळीच देत असेल तर मला ते पटत नाही. वर नेणारी हवा त्या दिवशी त्या वेळी आहे की नाही, यावर ते ठरतं.

डोंगराच्या पायथ्याची हवा

खरी गंमत इथे सुरू होते, आणि पॅराग्लायडिंगच्या जागा पर्वतांच्या ऐन गाभ्यात कमी आणि पायथ्याच्या टेकड्यांवर जास्त का, याचं उत्तरही इथेच आहे.

सकाळचं कोवळं ऊन सपाट मैदानावर तिरकं पडतं. पूर्वेकडे तोंड करून असलेल्या उतारावर मात्र तेच ऊन जवळजवळ सरळ पडतं, कारण उतार स्वतःच सूर्याकडे कललेला असतो. त्यामुळे उतार आधी तापतो. त्याला चिकटलेली हवा तापते, हलकी होते आणि उताराच्या अंगाने वर सरकू लागते. टेकऑफवर समोरून, खालून जी मंद झुळूक येते ती हीच. उलट रात्री उतार लवकर निवतात आणि थंड, जड हवा पाण्यासारखी खाली वाहते. म्हणून अगदी भल्या पहाटे टेकऑफवर वारा पाठीकडून येतो आणि पायलट ऊन वर येण्याची वाट बघत बसलेले दिसतात.

ऊन तापलं की दुसरा प्रकार सुरू होतो. खडक, उघडी जमीन, कोरडं गवत हे झाडी आणि पाण्यापेक्षा जास्त तापतात. त्यांच्यावरची गरम हवा काही वेळ तिथेच साठते आणि मग एखाद्या सोंडेच्या टोकावरून किंवा झाडीच्या कडेवरून सुटून वर जाते. याला थर्मल म्हणतात. भांड्याच्या तळातून पाणी उकळताना बुडबुडे सुटतात ना, तसं. घारी-गिधाडं पंख न हलवता घिरट्या घालत वर वर जातात ती याच झोतात, आणि पायलटही त्यांच्याकडे बघूनच थर्मल शोधतात. पक्षी गोल फिरतोय आणि वर जातोय, म्हणजे तिथे हवा चढती आहे. याहून भरवशाची खूण नाही.

वर जाताना ही हवा दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने थंड होत जाते. एका उंचीवर तिच्यातली वाफ जमून ढग तयार होतो, कापसाच्या पुंजक्यासारखा, तळ सपाट. म्हणजे तो ढग हा थर्मलचा वरचा शेंडा असतो. या ढगाचा तळ किती उंच असेल याचा एक सोपा अंदाज आहे: हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ जमू लागते तो) यांच्यातला फरक घ्यायचा आणि १२५ ने गुणायचं. तापमान २६ अंश, दवबिंदू १४ अंश, फरक १२, म्हणजे तळ त्या जागेपासून सुमारे १,५०० मीटर वर. हवामानाच्या अंदाजात दोन्ही आकडे मिळतात, आदल्या संध्याकाळी हे गणित करून बघण्यात मला फार मजा वाटते.

तिसरा प्रकार अगदी साधा. वारा डोंगराच्या धारेवर आडवा येऊन आदळला की त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. त्या चढत्या पट्ट्यात पंख धारेला समांतर इकडून तिकडे फेऱ्या मारत कितीतरी वेळ तरंगत राहतो. पण याच डोंगराची दुसरी बाजू घातक. नदीत मोठा दगड असला की त्याच्या मागे पाणी भोवरे घेतं, फेसाळतं. वाऱ्याआडच्या उतारावर हवा नेमकं तेच करते. नदीतले भोवरे दिसतात, हवेतले दिसत नाहीत, इतकाच फरक. तिथे पंख नेणं कुठलाही शहाणा पायलट टाळतो.

आणि आता त्या खिंडीची गोष्ट. दुपारी सबंध पर्वतरांग तापलेली असते. तिच्यावरची हवा वर जात राहते आणि तिची जागा भरायला मैदानाकडची हवा दऱ्यांमधून आत ओढली जाते. दरी जिथे अरुंद होते तिथे हाच वारा नळीतल्या पाण्यासारखा वेग घेतो. पंखाचा स्वतःचा वेग ताशी ३८-४० किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला तर जमिनीच्या हिशेबाने तुम्ही जागच्या जागी थांबता. त्याहून जास्त आला तर मागे जाऊ लागता, आणि मागे डोंगराची दुसरी बाजू असते. टेकऑफवर बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला ज्या दुपारी वारा 'छान' वाटत होता, त्या दुपारी दरीत काय चाललं होतं ते पायलटने वाचलं होतं.

यातूनच वेळ ठरते. पहिल्यांदा जाणाऱ्याने सकाळची, ऊन उतारावर येऊन तास-दोन तास झालेली वेळ मागावी, किंवा मग संध्याकाळ. दिवसभर तापलेली दरी संध्याकाळी गरम हवा सावकाश सोडते, कडांवरून उतरणारी थंड हवा तिला हळुवार वर ढकलते, आणि कधीकधी अख्खी दरी मिळून पंखाला उचलून धरते. धक्के नाहीत, गार हवा, तिरकं ऊन. ऐन दुपारी थर्मल जोरदार असतात. ते अनुभवी लोकांना हवेहवेसे, नवख्याच्या पोटाला मात्र जड.

ढगांबद्दल एक गोष्ट विसरू नये. पांढरे पुंजके सुंदर. पण तेच उभे वाढत जाऊन फुलकोबीसारखे फुगले, तळ काळवंडला, की उड्डाण संपलं. अशा वादळी ढगाखालची हवा पंखाला वर ओढून घेते. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियात मॅनिला इथे जागतिक स्पर्धेच्या आधी सराव करताना एवा विश्निएर्स्का ही जर्मनीची निष्णात पायलट अशाच ढगात ओढली गेली आणि ९,९४६ मीटर उंचीवर पोहोचली. म्हणजे एव्हरेस्टपेक्षाही वर. ती बेशुद्ध झाली, अंगावर बर्फ जमलं, आणि पुष्कळ वेळाने खाली येताना शुद्धीवर आली. ती वाचली. त्याच वादळात सापडलेला दुसरा पायलट वाचला नाही. दोघेही कसलेले होते. वादळाचा वारा ढगाच्या पुढे कितीतरी किलोमीटर धावतो, त्यामुळे आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पायलट लांबच्या ढगाकडे बोट दाखवून पंख गुंडाळू लागला तर तो बरोबर करत असतो.

पंख मिटला तर?

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो आणि लाजून कुणी विचारत नाही. उत्तर सरळ आहे. होय, पंख कापडाचा असल्याने विस्कळीत हवेत त्याचा काही भाग क्षणभर दुमडू शकतो. पंखाचे नमुने बाजारात येण्याआधी मुद्दाम दुमडून, ते आपण होऊन कसे उघडतात हे तपासलं जातं. युरोपच्या ईएन ९२६ या मानकात त्यासाठी ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. ए सर्वांत शांत स्वभावाचा, डी फार अनुभवी पायलटांसाठीचा. टँडमचे पुष्कळसे पंख बी वर्गातले असतात. बहुतेक वेळा दुमडलेला भाग काही क्षणांत पुन्हा भरतो. पायलट तोवर वजन आणि ब्रेकने दिशा सांभाळतो.

मात्र हे सगळं व्हायला खाली उंची हवी. राखीव पॅराशूटलाही उघडायला जागा लागते. म्हणून आपल्याला उलटं वाटतं, पण या खेळात जमिनीपासून दूर असणं सुरक्षित आणि जमिनीच्या जवळ असणं नाजूक. मोठ्या दुखापतींचा धोका टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी, डोंगराच्या अंगाशी, जास्त असतो. वर पोहोचल्यावर भीती वाटली तर हे आठवावं.

कुणाबरोबर जावं

टँडमचं प्रशिक्षण एकट्याने उडण्याच्या प्रशिक्षणाहून वेगळं असतं. 'पायलट आहे' एवढ्यावर भागत नाही; प्रवाशाला नेण्याचा परवाना आहे का, हे विचारावं. तो त्या देशाच्या नियमांप्रमाणे कुठल्या संस्थेचा असतो, ते आधी बघून ठेवावं. राखीव पॅराशूट शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी घातलं, हेही विचारावं. साधारण सहा महिने ते वर्षभरात ते करायचं असतं, आणि काळजी घेणाऱ्या पायलटला तारीख सांगायला आवडते. विमा आहे का, तो प्रवाशाला लागू होतो का. आणि तुमचा स्वतःचा प्रवास विमा असल्या खेळांना वगळतो का, हे घरूनच वाचून यावं. पुष्कळदा वगळतो.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न वेगळाच आहे: "इथे तुम्ही कोणत्या वेळी उडत नाही?" चांगला पायलट यावर भरभरून बोलतो. वारा कोणत्या दिशेचा नको, कोणत्या महिन्यात दुपारी काय होतं, कोणत्या ढगाला तो भितो. ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही, किंवा जो 'काही होत नाही हो, चला' म्हणतो, त्याच्याबरोबर मी जाणार नाही.

तो तुमचं वजन विचारेल. संकोच न करता खरं सांगावं. पंखाला कमाल वजनाची मर्यादा असते तशी किमानही असते. वजन जास्त तर पंख वेगाने उडतो आणि धावायला जास्त लागतं. फार कमी तर पंख पुरेसा ताणलेला राहत नाही. कोणता पंख घ्यायचा हे तो त्यावर ठरवतो. पाठीचा त्रास, हृदयविकार, फिट येणं, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांतलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. गुडघा किंवा घोटा दुखत असेल तर तेही पायलटला सांगावं, धावायचं आहे.

कपड्यांबद्दल थोडक्यात: घोटा झाकणारे बूट, वाऱ्याला अडवणारं जाकीट, पातळ हातमोजे. वर पायथ्यापेक्षा कित्येक अंश थंड असतं आणि वारा सतत तोंडावर असतो. ओढणी, मफलर, लोंबणारा दागिना नको. मोबाइल दोरीने बांधलेला असेल तरच हातात. सेल्फीची काठी दोऱ्यांच्या जवळ नेऊ नये.

धावणं

हेल्मेट, मग पट्ट्या. मांड्यांच्या पट्ट्या लावल्यात का, हे पायलट तपासतो; तुम्हीही हात लावून तपासा. छातीची लावली आणि मांड्यांची राहिली, अशी चूक या खेळात जीवघेणी ठरलेली आहे. मग दोघे पंखाला अडकता. पंख मागे उतारावर पसरलेला. पायलट थांबतो. वारा येतो-जातो, येतो-जातो. त्याला समोरून येणारी सारखी, संथ झुळूक हवी असते. या थांबण्याच्या वेळी काही बोलू नये, त्याचं लक्ष पूर्ण हवेत असतं.

मग तो म्हणतो, "चला, धावा!" पहिली दोन पावलं सोपी. तिसऱ्याला कुणीतरी मागून खेचल्यासारखं वाटतं. पंख जमिनीवरून उठून डोक्यावर येत असतो, त्याची ती ओढ. नेमका इथे माणूस थबकतो किंवा, उडायचंय म्हणून, उडी मारून बसतो. सुरुवातीला म्हटलेली नको ती गोष्ट हीच. पंखाला दोघांना उचलायला हवेचा ताशी पंचवीस-तीस किलोमीटर वेग हवा असतो. समोरून दहा-बारा किलोमीटरचा वारा असेल तर उरलेला वेग तुमच्या पायांनी द्यायचा आहे. तुम्ही बसलात की तो वेग मिळत नाही, आणि तुमचं सगळं वजन मागे धावणाऱ्या पायलटच्या मांड्यांवर पडतं. म्हणून ओढ लागली की पुढे झुकून आणखी जोरात पाय टाकायचे. दोऱ्या धरायच्या नाहीत, खांद्याच्या पट्ट्या धरायच्या. जमीन सुटली तरी पाय चालू ठेवायचे. कधीकधी पंख क्षणभर उचलून पुन्हा टेकवतो, तेव्हा ती पावलं कामी येतात. "आता बसा" असं ऐकू आल्यावरच मागे सरकून बसायचं.

आणि मग शांतता. विमानासारखा आवाज नाही, झुल्यासारखा पोटात खड्डा नाही. वारा कानांवरून जातो एवढंच. उंचीची भीती असलेल्या अनेकांना इथे ती जाणवत नाही. गच्चीच्या कठड्यावरून वाकून बघताना पायाखाली जी कड असते, ती इथे नसते. पायलटकडचं एक छोटं यंत्र बीप-बीप करतं. चढत्या हवेत बीप जलद आणि उंच सुरात, उतरत्या हवेत खर्जातला लांब सूर. दोन मिनिटांत कानाला सवय होते आणि तुम्हीही हवा 'ऐकू' लागता.

थर्मलमध्ये गोल फिरताना काहींना मळमळतं. क्षितिजाकडे, किंवा ज्या दिशेला वळतोय त्या दिशेला नजर ठेवावी. मोबाइलच्या पडद्यात बघितलं की हमखास वाढतं. जास्त वाटलं तर सांगून टाकावं, पायलट सरळ उडत बाहेर येतो. शेवटी काही पायलट गिरक्या घेऊ का म्हणून विचारतात. जोरदार गिरकीत शरीरावर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. नको वाटत असेल तर नको म्हणावं, आणि हे टेकऑफच्या आधीच सांगून ठेवावं. न विचारता गिरक्या घेणं मला गैर वाटतं.

खाली मैदान जवळ येतं. पायलट विंडसॉककडे, म्हणजे खांबावरच्या वाऱ्याच्या पिशवीकडे, बघत वळणं घेत उंची कमी करतो आणि शेवटी वाऱ्याला सामोरा येतो. टेकऑफप्रमाणे लँडिंगही वाऱ्याकडे तोंड करूनच. "उभे राहा" म्हणाला की हार्नेसमधून पुढे सरकून पाय खाली सोडायचे, गुडघे किंचित वाकलेले. जमीन अगदी जवळ आली की तो दोन्ही ब्रेक पूर्ण खेचतो. पंख पुढचा वेग सोडून क्षणभर उचल देतो, आणि तुम्ही पायरी उतरावी तसे टेकता. वारा अजिबात नसेल तर चार-पाच पावलं धावावं लागतं. बसल्या बसल्या टेकू नये, मार सरळ माकडहाडाला लागतो. काही ठिकाणी पायलट मुद्दाम पाय वर घ्यायला सांगतात आणि घसरत बसून उतरतात. तसं असेल तर ते आधीच सांगितलेलं असतं. त्या क्षणी तो सांगेल तेच करायचं.

टेकल्यावर पंख तुमच्या मागे किंवा पुढे हळूच कोसळतो. वारा असेल तर तो पुन्हा भरून दोघांना ओढू शकतो, म्हणून पायलट कॅराबिनर, म्हणजे हार्नेस पंखाला अडकवणाऱ्या धातूच्या कड्या, सोडवेपर्यंत जागेवरून हलू नये. मोकळे झालात की मात्र मैदानाच्या कडेला जावं, कारण वर बघितलं तर पुढची जोडी त्याच विंडसॉकवर नजर ठेवून शेवटचं वळण घेत असते.